बारा आयसी, चार पट्ट्या : इंदूरच्या एका ३८६साठी घरी बनवलेली रॅम

मशीन सुरू केलं की तीन आखूड बीप वाजायच्या आणि पडदा काळाच राहायचा. एएमआय बायोसमध्ये (मशीन सुरू होताना तपासणी करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्राममध्ये) तीन बीप म्हणजे पहिल्या ६४ केबीतली मेमरीच नापास. काकांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी फोन मशीनजवळ धरून मला नुसता आवाज ऐकवला. "अगं, हा असा ओरडतोय बघ. दिवाळीपर्यंत बरा चालत होता."

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. इंदूरला लोकमान्य नगरात राहतात. नव्वदच्या दशकात घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं, काम चालायचं. लग्नाच्या नि मुंजीच्या पत्रिका, शाळांचे वार्षिक अंक, आणि इथल्या एका मराठी मंडळाची दरवर्षीची स्मरणिका. त्यांपैकी आठ स्मरणिका या मशीनच्या हार्डडिस्कवर पेजमेकरच्या फाइलींत आहेत. छापील प्रती थोड्या उरल्या, त्यातल्या काहींना वाळवी लागली. होळकरांच्या काळापासून इथे राहिलेल्या घरांच्या हकिगती, कोण कुठल्या वाड्यात होतं, कुणी कुठली शाळा काढली, असं बरंच काही त्या पानांत आहे जे दुसरीकडे कुठे लिहिलेलं मला सापडलेलं नाही. मंडळाला ते पुन्हा छापायचंय.

"फाइली पेन ड्राइव्हवर घे आणि सुट," असं मला चार जणांनी सांगितलं. ज्यांनी युनिकोडच्या आधीचं मराठी डीटीपी केलंय त्यांना यातली अडचण लगेच कळेल. त्या काळच्या फॉन्टांत अक्षरांच्या जागा प्रत्येक कंपनीने आपापल्या ठरवलेल्या. दुसऱ्या मशीनवर फाइल उघडली तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. मजकूर रूपांतरित करता येतो, पण जोडाक्षरं आणि रफार जागोजागी तुटतात, आणि काकांनी हाताने जुळवलेली पानं तर जातातच. त्यात फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं हार्डवेअर लॉक, म्हणजे ज्याच्याशिवाय ते चालत नाही असा छोटा तुकडा, पॅरलल पोर्टला लावावं लागतं. हार्डडिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) मी सगळ्यात आधी काढून ठेवली होती. ती इम्युलेटरमध्ये (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालते, पण तिथे लॉक सापडत नाही, म्हणून फॉन्ट उठत नाहीत. तीच प्रतिमा कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डावर उतरवून पाहिली, तर या बोर्डाच्या बायोसने कार्ड ओळखलंच नाही. म्हणजे पानं बाहेर काढायची तर हेच मशीन, हीच हार्डडिस्क, हेच लॉक. इथेच फाइल उघडायची आणि पोस्टस्क्रिप्ट (छपाईसाठीचं पानांचं रूप) करून बाहेर न्यायची.

मशीन एएमडीच्या ३८६एसएक्स या प्रोसेसरचं, ३३ मेगाहर्ट्झ. ३०-पिन मॉड्यूलच्या, म्हणजे मेमरीच्या पट्ट्यांच्या, चार खाचा, त्यात एक-एक एमबीच्या चार पट्ट्या. ३८६एसएक्सची डेटा बस १६ बिटांची आणि ३०-पिन मॉड्यूल ८ बिटांचं, त्यामुळे पट्ट्या जोडीनेच लावाव्या लागतात. एक जोडी म्हणजे एक बँक. खाचा आयसोप्रोपिलने पुसल्या, पट्ट्या आलटून पालटून लावल्या, आणि निकाल लागला: दोन पट्ट्या गेलेल्या, दोन चांगल्या. चांगली जोडी पहिल्या बँकेत लावली तसं मशीन २ एमबीवर उठलं. विंडोज ३.१ही उघडलं.

पण २ एमबीवर पेजमेकर उघडणं म्हणजे हार्डडिस्कच्या जिवावर उठणं. रॅम संपली की विंडोज डिस्कवरच्या स्वॅप फाइलकडे धाव घेतं. एक पान उलटलं की डिस्क मिनिटभर करकरत राहायची. तीस वर्षांची डिस्क, आणि ज्या पानांसाठी हा सगळा खटाटोप ती तिच्यावरच. प्रतिमा हातात होती तरी हे मशीन दुसरी डिस्क घेईल याची मला खात्री नव्हती. तेव्हा ठरवलं की या बोर्डाला झेपेल तेवढी पूर्ण मेमरी द्यायची आणि स्वॅप बंदच करून टाकायचं. ३८६एसएक्सला पत्त्याच्या २४ ओळी असतात, म्हणजे कमाल १६ एमबी. चार खाचांत चार-चार एमबीच्या चार पट्ट्या.

पॅरिटीसकट (म्हणजे चूक पकडणाऱ्या नवव्या बिटासकट) ४ एमबीच्या ३०-पिन पट्ट्या परदेशातून मागवता येतात. किंमत जड, चालतीलच याची हमी नाही, आणि उद्या एक गेली की पुन्हा तेच. मी पीथमपूरला एका कारखान्यात मशीनांच्या कंट्रोल कार्डांची दुरुस्ती करते. हॉट एअर, भिंग, सोल्डर हे माझं रोजचं काम. पट्टी विकत घेण्यापेक्षा बनवायला शिकले तर पुढच्या वेळीही बनवता येईल, हा विचार मला जास्त पटला. आजही पटतो.

मुळात ही पट्टी म्हणजे काही गूढ वस्तू नाही. १९८३च्या सुमारास वँग लॅबोरेटरीजमध्ये अशा पट्ट्यांची कल्पना निघाली. त्याआधी मेमरीचे आयसी बोर्डावरच एकेक करून बसवायचे, रांगाच्या रांगा. पट्टीने तेच आयसी एका छोट्या बोर्डावर आणले आणि कडेला ३० पाय दिले. ८ पाय डेटाचे, ११ पत्त्याचे (१६ एमबीच्या पट्टीत १२), बाकी वीज, रास आणि कास (पत्ता घेण्याचे इशारे), लिहिण्याचा इशारा आणि पॅरिटी. वर तर्क-बिर्क काही नाही, नुसत्या तारा. म्हणून ती घरी बनवता येते.

आयसी मात्र नवे मिळत नाहीत. ते मोठ्या भावंडांकडून घ्यायचे, म्हणजे पेंटियमच्या काळातल्या ७२-पिन पट्ट्यांवरून. १६ एमबीच्या साध्या ७२-पिन पट्टीवर ४ मेगाबाय ४ जातीचे (चाळीस लाखांवर जागा, प्रत्येकीत ४ बिट) आठ आयसी असतात. ४ एमबीच्या एका ३०-पिन पट्टीला असे दोन लागतात. आठ भागिले दोन, चार पट्ट्या. मला हव्या तेवढ्याच! हा हिशोब पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मी दोनदा तपासला, इतका तो नेमका बसत होता.

जेल रोडला जुन्या मशीनांचा माल सुट्टा विकणारं एक दुकान आहे. तिथे रॅमच्या पट्ट्या तगारीत भरून ठेवलेल्या असतात, कारण त्यांच्या कडेच्या सोन्यासाठी भंगारवाले त्या वजनावर घेतात. दुकानदार म्हणाला, "मॅडम, गिन के नहीं, तोल के ले जाओ." मी पाव किलो आणल्या. घरी येऊन आठ आयसीवाली एक १६ एमबीची पट्टी निवडली. वेग ६० नॅनोसेकंद, मूळच्या ७०पेक्षा चांगला. वीज ५ व्होल्टची, कारण क्रमांकात ३.३ व्होल्ट दाखवणारं व्ही हे अक्षर नव्हतं. एवढं पाहून मी समाधान मानलं. त्या आयसीच्या क्रमांकातला आणखी एक आकडा वाचायला हवा होता, तो मी वाचला पण समजून घेतला नाही. पुढचे तीन आठवडे त्यापायी गेले.

बोर्डाबद्दल आधी थोडक्यात सांगते. किकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन थरांचा बोर्ड काढला, प्रत्येक आयसीजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर ठेवला. हा कपॅसिटर वाचवायच्या भानगडीत कुणी पडू नये. रिफ्रेशच्या, म्हणजे बिट पुन्हा भरण्याच्या, वेळी आयसी एकदम झटक्यात वीज ओढतो, आणि ती लांबून यायला लागली की डेटा डळमळतो. पहिल्या ऑर्डरला मी जाडीचा रकाना बदलायला विसरले आणि नेहमीचा १.६ मिलिमीटरचा बोर्ड आला. ३०-पिनची खाच सव्वा मिलिमीटरच्या आसपासच्या जाडीसाठी असते. जाड बोर्ड घुसवला असता तर संपर्काच्या पात्या कायमच्या पसरल्या असत्या, आणि या खाचा आता बदलून मिळायच्या नाहीत. ते बोर्ड बाजूला ठेवून १.२ मिलिमीटरचे पुन्हा मागवले. कडेच्या संपर्कांना सोनं न देता कथिल दिलं, कारण खाचेतल्या पात्याही कथिलाच्याच आहेत. सोनं आणि कथिल एकमेकांवर घासत राहिले की सांध्यावर ऑक्साइड धरतं. जुन्या मशीनमध्ये पट्टी काढून पुन्हा लावली की मशीन सुरू होतं, त्याचं कारण बरेचदा हेच असतं.

पहिल्या दोन पट्ट्या तयार झाल्या. पॅरिटीचा आयसी अजून नव्हता, म्हणून बायोसमध्ये पॅरिटीची तपासणी बंद केली. जोडी पहिल्या बँकेत लावली. बायोसने ८ एमबी मोजले. काका खुर्ची ओढून शेजारी बसले होते, त्यांनी आकडा बघून टाळी वाजवली. मग डॉस सुरू झालं, हायमेम (डॉसचा मेमरी सांभाळणारा प्रोग्राम) मेमरी तपासतोय अशी ओळ आली, आणि मशीन तिथेच थिजलं. कंट्रोल, आल्ट, डिलीटलाही उत्तर नाही.

मी सोल्डरला दोष दिला. माणूस ज्या कामात तरबेज असतो तिथेच आधी चूक शोधतो. दोन संध्याकाळी प्रत्येक पाय पुन्हा तापवला, शॉर्ट शोधले, कपॅसिटर बदलले. फरक शून्य. पट्ट्यांची अदलाबदल केली, तरी मशीन तिथेच थिजायचं. दोन्ही पट्ट्यांत नेमका एकच सोल्डरिंगचा दोष असणं शक्य नाही, हे मला दुसऱ्या संध्याकाळी उशिरा सुचलं.

मग जागा बदलली. काकांची चांगली १ एमबीची जोडी पहिल्या बँकेत, माझी जोडी दुसऱ्या बँकेत. एकूण १० एमबी. आणि आश्चर्य म्हणजे मशीन उठलं. हायमेमने मेमरी ठीक असल्याचं सांगितलं. तेच आयसी, तेच सोल्डर; एका खाचेत थिजतात आणि दुसऱ्या खाचेत उत्तीर्ण होतात.

अशा वेळी दुसऱ्याच्या तपासणीवर विसंबण्यापेक्षा आपली तपासणी लिहिलेली बरी. टर्बो पास्कलमध्ये चाळीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. माझ्या बँकेतल्या ८ एमबीचे ६४ केबीचे १२८ तुकडे केले. आधी प्रत्येक तुकड्यात त्याचाच क्रमांक भरायचा, ० पासून १२७ पर्यंत. सगळे भरून झाल्यावरच वाचायला सुरुवात करायची. यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. लिहून लगेच वाचलं तर ही चूक कधीच सापडत नाही.

वाचल्यावर पडद्यावर आलं ते असं: तुकडा ०, आत ६४. तुकडा १, आत ६५. तुकडा २, आत ६६. अशीच रांग ६३ पर्यंत. ६४ पासून पुढे सगळं बरोबर. एकही आकडा अस्ताव्यस्त नाही. खराब सोल्डर असं शिस्तीत चुकत नाही. मेमरीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्या भागावरच लिहिला जात होता.

आता थिजण्याचं कोडंही सुटलं. पहिल्या बँकेत माझी जोडी असताना हायमेम ४ एमबीच्या पुढे लिहायला लागला की ते लिखाण थेट शून्य पत्त्यापासून पुढे, म्हणजे डॉसच्या आणि इंटरप्ट व्हेक्टरांच्या डोक्यावर पडत होतं. मशीन आपल्याच पायाखालची फळी कापत होतं. दुसऱ्या बँकेत खाली डॉस नव्हतं, म्हणून ते निमूट चाललं.

असं का झालं, ते समजायला मेमरी पत्ता कसा घेते हे बघावं लागतं. डीरॅमचा एक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर आणि एक ट्रान्झिस्टर. आयबीएममध्ये रॉबर्ट डेनार्ड यांनी ही रचना शोधली, पेटंट १९६८चं. बिट असे लाखोंनी ओळी-स्तंभांच्या जाळ्यात मांडलेले असतात. पत्त्याच्या सगळ्या तारा एकदम बाहेर काढल्या तर आयसीला पाय फार होतात. म्हणून १९७३मध्ये मोस्टेक कंपनीने ४०९६ बिटांच्या आयसीत पत्ता दोन हप्त्यांत घ्यायला सुरुवात केली: त्याच तारांवर आधी ओळ, मग स्तंभ. रास हा इशारा म्हणतो "ही ओळ घ्या", कास म्हणतो "हा स्तंभ घ्या". आजही तसंच चालतं.

नाट्यगृह समजा. तिकिटावर रांग आणि खुर्ची. माझ्या ३८६च्या बोर्डाला जे नाट्यगृह अपेक्षित होतं त्यात २०४८ रांगा आणि प्रत्येक रांगेत २०४८ खुर्च्या. गुणाकार ४१,९४,३०४. दोन्हीसाठी ११-११ तारा पुरतात. पण याच क्षमतेचं दुसरं नाट्यगृहही बांधतात, ४०९६ रांगा आणि प्रत्येकीत १०२४ खुर्च्या. गुणाकार तोच. मात्र रांगेसाठी १२ तारा लागतात आणि खुर्चीसाठी १० पुरतात. मी आणलेले आयसी या दुसऱ्या बांधणीचे होते. बोर्ड बिचारा आपल्या पद्धतीने तिकिटं फाडत होता. खुर्ची क्रमांक १०२५चं तिकीट घेऊन कुणी आला की या नाट्यगृहात अकरावी तार बघायला कुणी नाही, त्याला पहिल्या खुर्चीवर पाठवायचे, तिथे आधीच कुणी बसलेला. आणि मागच्या २०४८ रांगा कायम रिकाम्या, कारण त्यांचा क्रमांक सांगणारी बारावी तार बोर्डाकडून येतच नव्हती. ३०-पिन पट्टीच्या २४व्या पायावर ती यायला हवी. या बोर्डावर तो पाय कुठेच जोडलेला नाही. १६ एमबीच कमाल असलेल्या बोर्डाला त्याची गरजच पडत नाही.

या दोन बांधण्यांना बाजारात २के रिफ्रेश आणि ४के रिफ्रेश म्हणतात, आणि या नावाने माझ्यासारखे अनेक जण फसतात. वाटतं की फरक फक्त ताजंतवानं करण्याच्या वेळेचा असेल. कपॅसिटरमधला भार गळतो, म्हणून प्रत्येक ओळ ठराविक काळात एकदा वाचून पुन्हा भरावी लागते. २०४८ ओळी ३२ मिलिसेकंदांत, ४०९६ ओळी ६४ मिलिसेकंदांत. भागून पाहिलं तर दोन्हीकडे एक ओळ १५.६ मायक्रोसेकंदांनी येते. वेळेचा फरक नाहीच. फरक जाळ्याच्या आकाराचा आहे. ४केच्या बांधणीत एका वेळी निम्मेच स्तंभ जागे होतात, त्यामुळे वीज कमी लागते. म्हणून ती काढली. पेंटियमच्या काळातले अनेक बोर्ड दोन्ही आकार चालवतात, ३८६चा बोर्ड चालवत नाही.

आणि हे सगळं आयसीच्या पाठीवर छापलेलं होतं. अनेक कंपन्यांच्या क्रमांकात ५११७४०० म्हणजे २के आणि ५११६४०० म्हणजे ४के. सात की सहा, एवढाच फरक. दोन्हींची पायजोडणी सारखीच, फक्त सहाव्या पायाचा अपवाद: ४केमध्ये तो पत्त्याची बारावी तार, २केमध्ये रिकामा. टोकाला ४०० ऐवजी ४०५ असेल तर तो ईडीओ जातीचा. तो बरेचदा चालतो, पण कास वर गेल्यावरही डेटा धरून ठेवतो, म्हणून काही बोर्डांवर दोन बँका एकमेकींच्या अंगावर येतात. मी ईडीओ टाळला. सगळ्या कंपन्या ही क्रमांकांची पद्धत पाळत नाहीत, तेव्हा डेटाशीट उघडून पत्त्याच्या ओळींचा तक्ता वाचायचा. ते काम दहा मिनिटांचं आहे.

पुन्हा जेल रोड. या वेळी भिंग आणि छोटी टॉर्च घेऊन गेले आणि तगारीशेजारी पाट मागून तासभर बसले. जुन्या आयसीवरचा छाप सरळ उजेडात दिसत नाही. टॉर्च जवळजवळ आडवी धरली की अक्षरांच्या कडा उठतात. आठ आयसीच्या पट्ट्या मी बघतच नव्हते. मला बारांची हवी होती. पॅरिटीवाल्या १६ एमबीच्या ७२-पिन पट्टीवर बरेचदा ४ मेगाबाय ४चे आठ आणि ४ मेगाबाय १चे चार आयसी असतात. त्या चारांतला एकेक माझ्या प्रत्येक पट्टीच्या नवव्या बिटाला. एका पट्टीतून चार, पॅरिटीसकट, एकही आयसी वर नाही की खाली नाही.

पॅरिटी बंद ठेवून भागलं असतं, हे खरं. पण या कामात मला ती हवीच होती. नववा बिट चूक सुधारत नाही. बाकीच्या आठांतला एखादा उलटला की मशीन तिथल्या तिथे थांबवतो, इतकंच करतो. काका पान उघडतात, एखादी चौकट सरकवतात, सेव्ह करतात. त्या क्षणी एखादा बिट गुपचूप उलटला तर बिघडलेली फाइल चांगल्या फाइलच्या जागी जाऊन बसते. त्यापेक्षा मशीन थांबलेलं परवडलं. काही स्वस्त पट्ट्यांत नवव्या बिटाच्या जागी पॅरिटी त्या क्षणी काढून देणारा ७४२८० जातीचा तर्काचा आयसी असायचा. त्याने बायोसचं समाधान होतं, पण चूक कधीच पकडली जात नाही. तसली पट्टी मी कुणाला बनवू देणार नाही.

हवी ती पट्टी तगारीच्या तळाशी मिळाली. ५११७४००चे आठ आणि ५१४१००चे चार. दुकानदाराने ती एकटी तोलायलाही नकार दिला आणि वीस रुपये घेतले.

जुन्या आयसीच्या प्लास्टिकमध्ये ओल मुरलेली असते. एकदम तापवलं की आतली वाफ फुटून प्लास्टिकला तडा जातो. म्हणून पट्टी आधी रात्रभर १२५ अंशांवर ठेवली. मग खालून मंद उष्णता आणि वरून साडेतीनशे अंशांची हवा. आयसी चिमट्याने ओढायचा नाही. सोल्डर सगळीकडे वितळलं की बारीक धक्क्याने तो स्वतःच तरंगतो. बाराचे बारा निघाले.

या आयसीचे पाय इंग्रजी J या अक्षरासारखे आत वळलेले असतात, टेकतात ते पोटाखाली. वरून सोल्डर लागल्यासारखं दिसतं आणि खाली पाय कोरडाच राहू शकतो. मी पॅडवर पातळ सोल्डर आधीच चढवलं, भरपूर फ्लक्स लावला, कोपऱ्यातले दोन पाय सोल्डरने धरून आयसी सरळ केला आणि मग प्रत्येक पायाला टोक बाहेरून लावून सोल्डर आत ओढला जाईपर्यंत थांबले. भिंगातून बघताना पायाच्या बाहेरच्या बाजूने सोल्डरची आतल्या बाजूला झुकलेली चकचकीत वाटी दिसली पाहिजे. गोळा दिसला की तो पाय पुन्हा.

या वेळी पट्टी थेट काकांच्या मशीनमध्ये घातली नाही. ५ व्होल्टवर चालणारा आर्डुइनो मेगा (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) घेतला, जुन्या भंगार बोर्डावरून काढलेली ३०-पिनची खाच त्याला जोडली. पहिली परीक्षा तीच: एका ओळीच्या स्तंभ ० मध्ये एक संख्या, स्तंभ १०२४ मध्ये दुसरी, मग स्तंभ ० वाचायचा. पहिलीच संख्या आली तर जाळं २०४८ बाय २०४८चं. चारही पट्ट्या उत्तीर्ण. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे, आणि आयसी मूळच्या पट्टीवरून काढण्याआधीसुद्धा करता येते. पहिल्या वेळी केली असती तर तीन आठवडे वाचले असते.

चारही पट्ट्या बसवल्या. या जुन्या खाचांच्या प्लास्टिकच्या कानांना जपायला लागतं. पट्टी तिरकी टेकवायची, दोन्ही अंगठ्यांनी हळूच उभी करायची, टोकाच्या भोकांत खाचेचे खुंट बसल्याचा टिक आवाज येतो. बायोसमध्ये पॅरिटी सुरू केली. १६ एमबी पूर्ण मोजले गेले, हायमेम पुढे गेला, माझा प्रोग्रामही स्वच्छ. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये व्हर्च्युअल मेमरी बंद केली आणि १९९६ची स्मरणिका उघडली. पान उलटताना डिस्कचा आवाज आला नाही. काका काही बोलले नाहीत, नुसती पानं उलटत राहिले.

चाळीस मिनिटांनी पॅरिटी एरर येऊन मशीन थांबलं.

थंड केलं की पुन्हा चाळीस मिनिटं ठीक. तापल्यावर येणारा दोष, म्हणजे सोल्डर. या वेळी माझा संशय बरोबर होता. बँकांची अदलाबदल करून जोडी ठरवली, जोडीतून पट्टी ठरवली. मशीन तापलेलं असताना लाकडी टूथपिकने एकेक पाय हलकेच दाबत गेले, प्रोग्राम चालूच होता. पॅरिटीच्या आयसीचा डेटा बाहेर काढणारा पाय दाबला की मशीन चालू राहायचं, सोडला की पॅरिटी एरर येऊन थांबायचं. भिंगातून त्या पायाभोवती केसाएवढी काळी रेघ दिसली, अख्ख्या पायाभोवती वर्तुळ केल्यासारखी. सोल्डर पॅडला धरलं होतं, पायाला नाही. पाय ब्लेडच्या टोकाने खरवडला, फ्लक्स लावून पुन्हा सोल्डर केला. त्यानंतर मशीन चौदा तास सलग चालवलं. मावशीने मधल्या खोलीचं दार लावून घेतलं, कारण पंखा खडखडतो. चूक एकही नाही.

पुढचं काम आता काकांचं आहे. रोज सकाळी दोन तास. फाइल उघडायची, पान प्रूफच्या डोळ्यांनी एकदा बघायचं, पोस्टस्क्रिप्ट फाइलमध्ये छापायचं. फॉन्ट त्या फाइलच्या आतच जातात, त्यामुळे पुढे लॉक लागत नाही. सिरियल केबलने ती माझ्या लॅपटॉपवर येते आणि घोस्टस्क्रिप्टमधून पीडीएफ होते. सिरियल केबल संथ आहे, एका अंकाला अख्खी दुपार जाते, पण काकांना घाई नाही.

४केचे आठ आयसी एका पाकिटात आहेत, वर तारीख आणि "१२ बाय १०, ३८६ला नको" असं लिहिलंय. ते खराब नाहीत. योग्य बोर्ड मिळाला तर चालतील. १.२ मिलिमीटरचे सहा कोरे बोर्ड शिल्लक आहेत आणि टेस्टर तसाच जोडलेला आहे. बारा आयसीची आणखी एखादी पट्टी मिळते का ते बघायला मी महिन्यातून एकदा जेल रोडला जाते.

पाच अंक झाले. सध्या १९९७चा चालू आहे. त्यातल्या दोन पानांवरचे फोटो वेगळ्या फ्लॉपीवर होते आणि ती फ्लॉपी आता वाचली जात नाही. त्या चौकटी रिकाम्या ठेवून आम्ही बाकीची पानं काढतोय. मंडळातल्या कुणाच्या घरी त्या फोटोंच्या प्रती असतील तर स्कॅन करून घेऊ, असं काकांनी परवा तिघांना फोन करून सांगितलंय.